अंगठ्याची जागा

भर दुपारी, दुकानाच्या काचेमागे, थेंबाथेंबांनी भिजलेला बिअरचा कॅन तुम्हाला दिसतो. खरं सांगा, तहान तुम्हाला आधीपासून लागलेली होती, की तो कॅन पाहून लागली?

उत्तराची घाई करू नका. ते थेंब खरे नव्हते, हे तुम्हाला जवळ गेल्यावर कळलं असेल. माझ्या मामाला ते लांबूनच कळायचं, कारण ते त्यानेच काढले होते. तरीही त्याचा उपयोग झाला नाही.

मी अमरावतीत, पत्रकांच्या घरात वाढले. आई आमच्या वॉर्डातल्या बायांच्या दारूबंदी समितीचं काम बघायची. घरात पाहुणा आला की त्याच्या हातात आधी पाण्याचा गिलास यायचा आणि पाठोपाठ पत्रक. मी वाचायला शिकले ते 'जाहीर आवाहन' आणि 'माताभगिनींनो' यावरून. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बेरजा केल्या, रांगोळीचे ठिपके काढले, मैत्रिणींना चिठ्ठ्या लिहिल्या. कागदावर छापलेलं वाक्य माणसाला हलवू शकतं, यावर माझा तेव्हा पूर्ण विश्वास होता. आजही आहे, पण आता त्या विश्वासाची मला भीतीही वाटते.

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, अकोल्याला पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, भिंतींवरच्या बियाण्यांच्या जाहिराती, डाळमिलच्या पोत्यांवरची चित्रं, असं सगळं तो करायचा. डाळीच्या पोत्यावरचा मोर त्यानेच काढला होता. बाजारात बाया कंपनीचं नाव घेत नसत, 'मोरवाली दाळ' मागत. मामा त्या बायांच्या मागे उभा राहून ऐकायचा आणि घरी येऊन मामीला सांगायचा, "आज माहा मोर चारदा इकला."

तो प्यायचा. आधी उन्हाळ्यापुरती बिअर. अकोल्याच्या उन्हात बिअरला कोणी दारू म्हणत नाही, ती थंडाईच्या रांगेत बसते. मग उन्हाळा संपला तरी बिअर संपेना. मग बिअरच्या जागी दुसरं आलं. आईने त्याला कधी पत्रक दिलं नाही, आणि त्याने पिणं सोडलं ते आईमुळे नाही. एका किराणा दुकानाची पाटी लिहिताना त्याची शिरोरेषा थरथरली. त्याने ती पुसली, परत ओढली, परत थरथरली. दुकानदार खालून म्हणाला, "पेंटरबाबू, दाळ शिजून राह्यली का पाटी लिहून राह्यले?" मामा शिडीवरून उतरला आणि त्या दिवसापासून प्याला नाही. हात परत स्थिर व्हायला एक अख्खा पावसाळा गेला. मामीने तो पावसाळा कसा काढला, ते ती अजूनही कुणाला सांगत नाही.

आमच्या वॉर्डात मतदान ठरलं तेव्हा मामाला दारू सोडून बरीच वर्षं झाली होती. हे मतदान बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. वॉर्डातलं दारूचं दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं, हे बाया ठरवतात, आणि मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे बंद करा. आईला पत्रकासाठी आडव्या बाटलीचं मोठं चित्र हवं होतं, कारण वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायांना वाचता येत नव्हतं. चित्र कोण काढणार? घरातच पेंटर होता.

मामाने पहिलं चित्र साधं काढलं. काळी बाटली, आडवी, बूच बंद. आमच्या अंगणात समितीच्या बाया जमल्या आणि चित्र हातोहात फिरलं.

"भाऊ, हे तं फिनाइलची शिशी दिसून राह्यली."

"माहा बुढा म्हनन, बाया संडास धुवाचं औषध बंद करून राह्यल्या!"

अंगण हसून लोळलं. आईही हसली. मामा हसला नाही. त्याने कागद गुंडाळला आणि म्हणाला, "ठीक हाय. आता पाहा."

दुसऱ्या खेपेला त्याने जी बाटली आणली, ती पाहायला सगळं अंगण पुढे सरकलं. तपकिरी काच, आतून ऊन आल्यासारखी. मानेला सोनेरी कागद. अंगभर थेंब, काही टिकलीएवढे, काही सुईच्या टोकाएवढे, आणि एक थेंब खाली घसरता घसरता थांबलेला. एक आजी हळूच म्हणाली, "माय वो, गारगार वाटते पाहूनच." आईला वाटलं, आता कळेल बायांना कुठली बाटली. पत्रकं छापली गेली आणि घराघरांत वाटली गेली.

आमच्याकडून जी चूक झाली ती आमच्यासारख्यांकडूनच होऊ शकते. आम्ही कागद आडवा धरून छापला होता. पण कागद कोणीही फिरवू शकतो. चार दिवसांत पानठेल्यावर, सलूनमध्ये, रिक्षाच्या पाठीवर आमचं पत्रक उभं चिकटलं. मजकूर बाजूला वळलेला, कोणी वाचायच्या भानगडीत पडत नव्हतं. बाटली मात्र ऐटीत उभी. पानठेलेवाला आईला म्हणाला, "काकू, तुमचं कॅलेंडर झकास हाय. आनखी एखादं भेटन काय? घरी लावतो."

आई घरी आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आडवी आमी छापली. उभी त्यायनं केली. मेहनत पुरी आपलीच."

दुकान बंद व्हायला वॉर्डातल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं लागतात. तेवढी पडली नाहीत. चित्रामुळेच हरलो असं मी म्हणणार नाही, मतदानाला न येणाऱ्या बायांचे नवरे घरात होते, हे मला माहीत आहे. पण मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकासमोरच्या ठेल्यावर मामाची बाटली उभी होती, आणि रांगेतल्या प्रत्येक बाईची नजर तिच्यावरून जात होती, हे मी पाहिलं आहे.

पुढच्या वर्षी मी कॉलेजसाठी अकोल्याला मामाकडे राहायला गेले. एका सकाळी पांढऱ्या शर्टातला एक माणूस दारात आला. त्याच्या हातात आमचं पत्रक होतं, घडीवर घडी पडलेलं. पत्रकाच्या तळाशी छापखान्याचं नाव असतं. त्यावरून तो छापखान्यात गेला होता आणि तिथून मामापर्यंत पोचला होता. तो एका नव्या बिअर कंपनीचा माणूस होता. त्याला कॅनसाठी चित्र हवं होतं.

"हे थेंब," तो पत्रकावर बोट ठेवून म्हणाला, "आमच्या मुंबईच्या लोकांना जमत नाहीत. त्यांचे थेंब प्लास्टिकचे वाटतात."

मामाचा धंदा तेव्हा उतरणीला लागला होता. पाट्या फ्लेक्सवाल्यांनी नेल्या होत्या. तो कॉम्प्युटर शिकला होता, पण डाळमिलवाल्यांची मुलं आता डिझाइन बाहेरून मागवत होती. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्याच्या हाताची स्तुती करत होतं. आईला फोन गेला, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारच्या बसने आई अकोल्यात हजर.

"काऊन रे, तुले दुसरं काम भेटत नाई?"

"ताई, भेटलं असतं तं केलं नसतं काय?"

"मंग आता बिअर इकशीन?"

"मी इकून नाई राह्यलो. चित्र काढून राह्यलो."

"तुह्या चित्रानंच आमचा वॉर्ड हारला, बाप्पा."

"म्हंजे चित्र चांगलं होतं, हे तं कबूल हाय ना तुले?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला हसू आलं आणि तिथेच थांबलं. ती म्हणाली, "मले भांडन नाई करायचं. मले इतकंच सांगा, घरात बाटली येईन काय?"

मामाने तिच्याकडे पाहिलं. "भरलेली नाई येनार. रिकामी बी नाई येनार. मले पाहाची गरजच नाई."

त्या घरात पणाला काय लागलं आहे, हे आम्हा चौघांनाही त्या क्षणी कळलं होतं. कंपनीची बिअर खपते की नाही, याच्याशी आमचं देणंघेणं नव्हतं. मामा कोरडा राहतो की नाही, एवढंच होतं. आई चहा न घेता गेली.

त्या पांढऱ्या शर्टवाल्याने मामाला जे सांगितलं ते मी बाजेवर बसून ऐकलं. तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच मला त्याचा राग जास्त आला. तो म्हणाला, "आम्हाला टीव्हीवर जाता येत नाही, पेपरात येता येत नाही. दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. आमच्याकडे जागा फक्त फ्रिजच्या काचेमागची. जे काही बोलायचं ते कॅननेच बोलायचं. गिऱ्हाईक वाचत नाही. त्याला लांबून बोट दाखवता आलं पाहिजे."

शाळेपासून मी ऐकत आले होते की दारूच्या जाहिरातीला बंदी आहे. त्या दिवशी कळलं, बंदी भिंतीवर आहे, पेपरवर आहे, पडद्यावर आहे. हातात येणाऱ्या वस्तूवर नाही. जाहिरात गेली कुठे? ती वस्तूच्याच अंगावर जाऊन बसली, आणि तिथून तिला कोणी उठवलं नाही.

मामा अभ्यासाला लागला. तो दुकानात जात नसे. समोरच्या रसवंतीवर बसायचा, उसाचा रस घ्यायचा आणि रस्त्यापलीकडची बिअर शॉपी पाहायचा. दोनदा मीही त्याच्याबरोबर होते. माणसं घामाघूम यायची, काचेसमोर थांबायची आणि बोट दाखवायची.

"ते काळी दे."

"हिरवी नाई बे, लालवाली. लालमधे दम असते."

"जे सगळ्यात थंडी हाय ते दे, यार."

त्या शेवटच्या माणसावर मामा थांबला. "ऐकलं? सगळ्यात थंडी. एकाच फ्रिजातले डबे हायत, सगळे सारखेच थंडे असन. पन त्यानं बोट कुठी दाखवलं, पाह्यलं?" माणसाने बर्फाचे डोंगर छापलेल्या कॅनकडे बोट दाखवलं होतं. दुकानदाराने तोच काढून दिला. लालमध्ये दम असतो, काळ्यात रुबाब असतो, डोंगरात गारवा असतो. आत काय असतं ते मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत.

घरी येऊन मामा काढायला बसायचा. बाकी सगळं तो कॉम्प्युटरवर करायचा, पण थेंब कागदावर, ब्रशने. समोर काहीच नसायचं. ना फोटो, ना बाटली. मामी बाजूला पाण्याने भरलेला लोटा ठेवून जायची. तो डोळे मिटायचा, बराच वेळ तसाच बसायचा, मग एक थेंब काढायचा आणि घोटभर पाणी प्यायचा. संध्याकाळपर्यंत लोटा दोनदा रिकामा व्हायचा. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि नजर वळवायचे. देवापुढे बसलेल्या माणसाकडे जसं टक लावून पाहू नये, तसं वाटायचं. तो आठवणीतून काढत नव्हता. तो तहानेतून काढत होता. ज्याला कधी ओढ लागली नाही, त्याला ते थेंब जमलेच नसते. मुंबईच्या लोकांना का जमत नव्हते, ते मला तेव्हा कळलं.

सगळं चित्र झाल्यावर त्याने थेंबांच्या मधोमध ब्रशने एक आडवा पट्टा पुसला. तिथे दव नाही, नुसता स्वच्छ चमकता रंग.

"हे काय, मामा? खराब झालं?"

"खराब नाई, पोरी. हे अंगठ्याची जागा हाय. कोनीतरी आत्ताच उचलून पाह्यली आन् ठेवून देली, असं वाटलं पाह्यजे. मानसाले रिकामी जागा दिसली का तो हात ठेवते."

पांढऱ्या शर्टवाल्याने ते पाहिलं. त्याचा अंगठा आपोआप कागदावरच्या त्या पट्ट्यावर गेला. मी ते पाहिलं. मामानेही पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. काम उत्तम झालंय हे कळल्यावर माणसाचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहत होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर कॅन बाजारात आला. बिअर शॉप्यांनी तो पुढच्या रांगेत लावला. नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. गिऱ्हाइकं 'अंगठेवाली' मागू लागली. कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी तो शब्द आला. मोर्णा नदीच्या पुलावर, कॉलेजच्या कुंपणापाशी, बडनेऱ्याच्या रुळांकडेला रिकामे कॅन दिसू लागले. चेपलेले, तुडवलेले, पण थेंब तसेच ताजे. कॅनमधली बिअर संपून जाते, उन्हात कडेची माती भाजून निघते, आणि ते छापलेले थेंब वाळतच नाहीत. मला त्यांची भीती वाटू लागली. रस्त्याने चालताना मी खाली बघायचं टाळायचे.

मामाने टाळणं माझ्याही आधी सुरू केलं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही एकदा बसने अमरावतीला येत होतो. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली. खिडकीसमोरच दुकान, दुकानात फ्रिज, फ्रिजमध्ये वरपासून खालपर्यंत त्याचेच कॅन. मामाने डोळे मिटून घेतले. पण त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा तर्जनीवर घासत होता, सारखा, थांबता थांबेना.

"मामा, जागा बदलायची का?"

"काय बदलतं? तिकडच्या बाजूनं बी हायच." मग डोळे न उघडता म्हणाला, "मले मालूम हाय, ते थेंब खोटे हायत. एकेक थेंब मीच काढला. कोनता पह्यले काढला ते बी सांगतो. तरी हात ओला वाटून राह्यला. हे पाह्य."

त्याने हात पुढे केला. मी हात लावून पाहिला. हात कोरडा होता, मेच्या दुपारी असतो तसा कोरडा आणि गरम. मी तसं सांगितलं. त्याने मान हलवली, पण त्याला पटलं नाही.

मामीला तो बदल माझ्याआधी कळला होता. तिने आईला फोन केला. म्हणाली, ताई, यायले तुमच्याकडे घेऊन जा काही दिवस. इथं यायच्या रोजच्या वाटेवर तीन दुकानं हायत. आईने जुना राग बाजूला ठेवला. आमचं घर दुकानापासून आत, गल्लीत. घरात पत्रकं, तुळस आणि बायांची वर्दळ. यापेक्षा सुरक्षित घर कुठलं? मामा आला, सुट्टी म्हणून मीही आले, गॅलरीजवळच्या खोलीत त्याची खाट टाकली. पहिले दिवस चांगले गेले. तो आईच्या पत्रकांची अक्षरं लिहून द्यायचा. आई टोमणा मारायची, "आता चित्र नको हं काढू. नुसतं अक्षर लिह्य." तो हसायचा.

समोरच्या घरात एक काकू राहतात. त्यांच्या घरात कोणी पीत नाही. मतदानाला त्या आजारी असूनही आल्या होत्या आणि आडव्या बाटलीला मत देऊन गेल्या होत्या. त्यांना झाडांचा नाद आहे, आणि टाकाऊपासून टिकाऊ करण्याचाही. नात्यातल्या एका लग्नानंतर पाहुण्यांनी टाकलेले रिकामे कॅन त्यांना दिसले. इतके देखणे डबे फेकायचे कशाला, म्हणून त्यांनी ते धुऊन घरी आणले, वरचं झाकण कापलं आणि मनीप्लांट लावून गॅलरीच्या दांडीला तारेने टांगले. एका ओळीत, अगदी मामाच्या खिडकीसमोर. चित्र बाहेरच्या बाजूला, कारण ते छान दिसतं.

त्या दिवशी आई बैठकीला गेली होती. मी खोलीत गेले तर मामा खिडकीत उभा होता. पलीकडे काकू झाडांना पाणी घालत होत्या. पाणी कॅनच्या कडेवरून सांडत होतं, अंगावरून ओघळत होतं. छापलेल्या थेंबांवरून खरे थेंब खाली येत होते.

"पोरी," मामा म्हणाला, "यातला खोटा कोनता, सांगता येते तुले?"

मी खिडकी लावून घेतली आणि चहा टाकायला आत गेले. चहा घेऊन आले तेव्हा खोली रिकामी होती, दारातल्या त्याच्या चपला नव्हत्या.

वॉर्डातलं दुकान कुठे आहे ते आमच्या घरातल्या कोणालाही डोळे मिटून सांगता येईल. मी धावत गेले. मामा दुकानाच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत उभा होता. हातात कॅन होता. त्याने तो छातीजवळ धरला होता, तान्ह्या पोराला धरावं तसा, आणि त्याचा अंगठा त्या पुसलेल्या पट्ट्यावर होता. बोटभरही इकडेतिकडे नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर लाज नव्हती. नवल होतं.

"बसला," तो म्हणाला. "बरोबर बसला पाह्य अंगठा. माह्याच मापाचा काढला होता मी."

"मामा, द्या इकडे."

"इतक्या लोकायनं घेतली. मले वाटलं, त्यायच्यासाठीच काढून राह्यलो." मी हात पुढे करायच्या आत त्याने कॅनची चावी ओढली. तो फसकन आवाज रस्त्यावरच्या कोणालाच ऐकू गेला नसेल. मला तो अजून ऐकू येतो. सोडावॉटरची बाटली उघडली तरी येतो, सायकलच्या चाकातली हवा सोडली तरी येतो.

त्यानंतरचं लांबड लावत नाही. तो महिनोन् महिने प्याला. मामी त्याला अकोल्याला घेऊन गेली. मध्ये दवाखाना झाला, मध्ये परत सुटलं, परत लागलं. त्याच्या हातून एक पाटी लिहून होईना. कंपनीचा माणूस एकदा आला होता, पुढच्या हंगामाचं चित्र मागायला. मामीने त्याला दारातूनच परत पाठवलं. त्याला कारण कळलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्याच्या लेखी सगळं यशस्वी झालं होतं.

मी कोणावर रागावू? त्या माणसावर रागावते, कंपनीवर रागावते. जाहिरातीला बंदी घालून वस्तूच्या अंगाला मोकळं सोडणाऱ्या कायद्यावर रागावते, आणि जमेल तिथे लिहिते की सिगारेटच्या पाकिटावर जसं आजाराचं चित्र येतं तसं बिअरवरही यावं, समोर, अंगठ्याच्या जागेवर. तो लढा लांबचा आहे. पण समोरच्या काकूंवर रागावणं मला जमलं नाही. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बाई, मी तर रिकामे डबे टांगले. आत नुसती माती."

"काकू, मामाला आतलं नकोच होतं. त्याला बाहेरचं दिसलं."

त्या नखाने एका कॅनवरचं चित्र खरवडायला लागल्या. कॅनवरचा रंग नखाने निघत नाही, तो पत्र्यावरच छापलेला असतो. मग त्या आत गेल्या, तुळशीच्या कुंड्यांना लावायचा गेरू वाटीत कालवून आणला आणि आम्ही दोघींनी एकेक कॅन उतरवून रंगवला. गेरूच्या एका हाताने चित्र झाकलं नाही. थेंब गेरूच्या खालून डोकावत राहिले. दोन हात द्यावे लागले. वाळल्यावर ते मातीच्या कुंड्यांसारखे दिसायला लागले, आणि मनीप्लांटला त्याने काही फरक पडला नाही.

मामाने आता परत सोडली आहे. किती दिवस झाले ते आम्ही कोणी मोजत नाही, मोजलं की दृष्ट लागते असं मामी म्हणते. पुढच्या महिन्यात तो आमच्याकडे यायचा आहे. बसने येईल, खिडकीशी बसेल, बोरगाव, मूर्तिजापूर, बडनेरा असा. दुकानांच्या काचा मी झाकू शकत नाही. त्यासाठी अजून पुष्कळ पत्रकं लागतील, पुष्कळ मतं लागतील. पण वाटेवर घरंही आहेत. त्या घरांत न पिणारी, भली माणसं राहतात, आणि त्यांच्या खिडक्यांत, गॅलरीत, कपाटावर देखण्या बाटल्या नि कॅन आहेत. त्यात कोणी पाणी भरतं, कोणी पेनं ठेवतं, कोणी वेल लावतं. त्यांच्या समोरून कोण जातं, ते त्यांना माहीत नसतं.

म्हणून आज हे एवढं करा. घरात अशी बाटली असेल तर बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, तासाभरात कागद सुटून येतो, तो सोलून टाका. कॅन असेल तर गेरूचे दोन हात द्या. आणि समोरच्या घरात दिसला, तर वाटीत गेरू घेऊन त्यांच्याकडेही जा.